धुतलेली गाडी ब्लोअरने वाळवणे : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ब्लोअरचे काम पाणी ढकलण्याचे आहे, ते सुकवण्याचे नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये दर रविवारी तोच प्रकार पाहायला मिळतो. गाडी धुऊन होते, घरातला ब्लोअर खाली आणला जातो, दिसेल त्या थेंबावर वारा मारत गाडीभोवती चार फेऱ्या होतात, आणि थोड्या वेळाने कोरड्या झालेल्या दारांवर आरशांतून, हँडलमागून आणि टपाच्या खोबणीतून पुन्हा ओघळ उतरू लागतात. ते ओघळ तसेच वाळले की काळ्या किंवा गडद निळ्या रंगावर पांढरी वर्तुळे उमटतात आणि दोष मात्र शाम्पूला दिला जातो. पुढील टप्पे याच क्रमाने पाळावेत, कारण यातील बहुतेक चुका क्रमाच्याच आहेत.

टप्पा १ : पाणी कोणते आहे ते आधी ठरवा

थेंबातले पाणी उडून जाते. त्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार रंगावरच राहतात. आपण ज्याला डाग म्हणतो तो हाच. पुण्यात खडकवासला धरणसाखळीतून येणारे महापालिकेचे पाणी तुलनेने मृदू असल्यामुळे त्याचे डाग फिके असतात आणि ओल्या फडक्याने सहसा निघतात. बोअरचे पाणी खडकाच्या फटींतून मुरत येते आणि पुष्कळदा जड असते. टँकर कुठून भरला आहे हे तर टँकरवाल्यालाच ठाऊक. वाघोली किंवा उंड्रीसारख्या भागांत ज्या सोसायट्यांच्या एकाच टाकीत नळाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळते, तेथे मागच्या आठवड्यात डाग पडले नाहीत म्हणून या आठवड्यातही पडणार नाहीत असे धरून चालता येत नाही.

परीक्षा सोपी आहे. स्टीलची स्वच्छ ताटली उपडी ठेवून तिच्यावर टाकीतल्या पाण्याचे चार थेंब टाकावेत आणि ते उन्हात वाळू द्यावेत. पांढरे कडे स्पष्ट दिसले तर गाडीवर एकही थेंब आपोआप वाळू देता कामा नये असे समजावे. घरी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण घटक मोजणारे छोटे उपकरण) असल्यास त्यावरूनही अंदाज येतो. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या एकूण घटकांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आणि जडपणाची २०० मिलिग्रॅम आहे. मात्र मीटर सर्वच क्षारांची गोळाबेरीज दाखवतो, जडपणा वेगळा काढून दाखवत नाही; म्हणून मला ताटलीची परीक्षा अधिक भरवशाची वाटते.

सावधान : आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी साठवून त्याने गाडी धुणे ही पाणी वाचवण्याच्या दृष्टीने चांगली सवय आहे, परंतु त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षार साठलेले असतात. त्याने चाके, मडगार्डची आतली बाजू आणि पहिला चिखल काढावा. शेवटचे पाणी म्हणून ते कधीही वापरू नये. याउलट शेवटचे पाणी आरओचे शुद्धच असावे असाही सल्ला काही जण देतात. एका बादलीसाठी तेवढेच किंवा त्याहून अधिक पाणी वाया जात असताना हा सल्ला पटण्यासारखा नाही.

टप्पा २ : रंगावर पाणी कसे वागते ते पाहा

बॉनेटवर मगभर पाणी ओता आणि थांबा. पाण्याचे गोल थेंब होऊन ते घरंगळू लागले तर गाडीवर वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग अजून शिल्लक आहे. अशा गाडीवर ब्लोअर उत्तम चालतो, कारण थेंबाला रंगाची पकड नसते. पाणी पातळ थर होऊन पसरले तर वाऱ्याने तो थर पुढे सरकण्याऐवजी अधिक पातळ होतो आणि जागच्या जागी वाळतो. म्हणजे ज्यासाठी ब्लोअर आणला तेच नेमके बिघडते.

रोजच्या वापरातल्या आणि कधीच वॅक्स न लागलेल्या गाड्या या दुसऱ्या गटात मोडतात. अशा गाडीचे सपाट भाग टॉवेलने टिपावेत आणि ब्लोअर फक्त फटींसाठी, म्हणजे टप्पा ६ पासून वापरावा. घरातला छोटा ब्लोअर सगळ्या गाडीवर फिरवण्याचा हट्ट धरल्यास वेळ जातो, वीज जाते आणि डाग राहतात.

टप्पा ३ : ब्लोअर, वीज आणि जागा

संगणकातली धूळ उडवण्यासाठी मिळणारा हातातला ब्लोअर फटींना पुरेसा असतो. झाडांची पाने उडवण्याचा मोठा ब्लोअर बॉनेट आणि टप झपाट्याने मोकळे करतो, पण पार्किंगमधली धूळही तितक्याच झपाट्याने उठवतो. बॅटरीवरचा ब्लोअर सुटसुटीत असला तरी पूर्ण वेगावर त्याची बॅटरी फार काळ टिकत नाही. तो वापरणार असल्यास मोठ्या भागांवर तो खर्ची घालू नये. कोणताही ब्लोअर असला तरी त्याच्या मागच्या जाळीतून तो हवा आत ओढतो आणि त्या हवेत जे असेल ते गाडीवर फेकतो. म्हणून वापरापूर्वी जाळी पुसून घ्यावी आणि ब्लोअर गाडीकडे पाठ करून १०-१५ सेकंद चालवावा, म्हणजे आत साचलेली धूळ बाहेर पडेल. तोटी कडक प्लास्टिकची असल्यास तिच्या कडेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवावा, कारण ओल्या हातातून निसटलेली तोटी रंगावर हमखास ओरखडा काढते.

केस वाळवण्याचा ड्रायर वापरू नये. तो थेंबाला ढकलत नाही, जागेवर आटवतो, आणि क्षार तिथेच सोडतो. हीटगनचा तर विचारही करू नये. तिची हवा काही शे अंशांपर्यंत तापते आणि त्याने रंग, रबर व प्लास्टिक सगळेच खराब होते. वॉशिंग सेंटरमध्ये कॉम्प्रेसरच्या हवेने गाडी वाळवून घेत असाल तर टाकीत साचलेले पाणी काढले आहे का आणि फिल्टर बसवला आहे का हे विचारण्यात संकोच करू नये. दाबाखालील हवेत पाण्याची वाफ थंड होऊन टाकीत साचते, काही कॉम्प्रेसरमध्ये तेलाचा अंशही हवेबरोबर येतो, आणि तो काचेवर तेलकट पट्ट्यांच्या रूपाने दिसतो.

विजेच्या बाबतीत घाई चालत नाही. ६०० वॅटचा ब्लोअर २३० व्होल्टवर साधारण २.६ अँपिअर घेतो, त्यामुळे तो साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो; परंतु १,५०० वॅटच्या वरच्या यंत्राला १६ अँपिअरचे सॉकेट आणि जाड वायर लागते. एक्स्टेंशनची वायर चक्रीवर गुंडाळलेली असेल तर ती पूर्ण सोडावी, कारण गुंडाळलेली वायर तापते. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडण्याची पद्धत सर्रास दिसते. तसे करायचेच असल्यास त्या सॉकेटच्या वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असल्याची खात्री करावी आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता खांबाला किंवा स्टुलावर टांगावा.

सावधान : गाडी धुताना ब्लोअर जोडलेला ठेवू नये. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून ब्लोअर हातात घेऊ नये. रबरी चप्पल किंवा बूट घालावेत. गाडी विजेवरची असल्यास धुणे आणि वाळवणे संपेपर्यंत चार्जिंग बंद ठेवावे व चार्जिंगच्या तोंडाचे आतले झाकण घट्ट लावावे.

आता जागा. शेजारी बांधकाम सुरू असेल किंवा रस्ता खणलेला असेल तर पार्किंगच्या फरशीवर सिमेंटची आणि मातीची बारीक पूड असतेच. ब्लोअरचा झोत जमिनीवर आदळला की ती पूड उठून ओल्या गाडीवर बसते, आणि तिच्यावरून टॉवेल फिरला की बारीक चरे पडतात. गाडी धुण्यापूर्वी फरशी झाडून, तिच्यावर थोडे पाणी शिंपडून घ्यावे. बेसमेंटमधल्या जागेत हे अधिकच आवश्यक आहे. जागा सावलीची हवी, आणि आवाजाचा विचार हवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ असून निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कोणताही ब्लोअर ती सहज ओलांडतो. चालवणाऱ्याने स्वतः कानात बोळे घालावेत आणि डोळ्यांवर चष्मा लावावा, कारण फटींतून पाण्याबरोबर वाळूचे कणही उडतात.

टप्पा ४ : शेवटचे पाणी

चाके, मडगार्ड आणि खालचे पत्रे यांची धुलाई आधीच उरकलेली असावी. शेवटचे पाणी मारताना पाइपची पिचकारी काढून टाकावी आणि मंद, सलग धार टपाच्या मध्यावर सोडावी. फवाऱ्याने हजारो सुटे थेंब बसतात. सलग धार मात्र आधीच्या थेंबांना आपल्यात ओढून घेत चादरीसारखी खाली उतरते. पाइप नसेल तर पाण्याचा मग पत्र्याच्या अगदी जवळ धरून त्याच्या काठावरून पाणी ओतावे, उंचावरून फेकू नये. हे नीट केले तर अर्धे काम ब्लोअर हातात घेण्यापूर्वीच झालेले असते, आणि पाणीकपातीच्या दिवसांत बादलीभर पाण्यातही ते जमते.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते. तेव्हा गाडी सकाळी ८ च्या आत किंवा सूर्य उतरल्यावर धुवावी.

तपासणी : बॉनेटवर पालथा हात ठेवून पाहावा. पत्रा कोमट लागला तर तो थंड होईपर्यंत थांबावे. वाळवत असताना दुसऱ्या बाजूचा भाग आपोआप सुकू लागल्याचे दिसल्यास त्यावर पुन्हा पाणी ओतून तो ओला ठेवावा; अर्धवट सुकलेल्या भागावर नुसता वारा मारून उपयोग नाही.

टप्पा ५ : टपापासून खाली, मोठे भाग

काचा, दारे आणि सनरूफ बंद आहेत याची खात्री करून टपापासून सुरुवात करावी. तोटी पत्र्यापासून साधारण १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर आणि तिरकी धरावी. सरळ उभी धरली तर पाणी चारही बाजूंना उडते. टपाच्या मधल्या रेषेपासून आपल्याकडे पाणी ओढत आणावे आणि ते अजून ओल्या असलेल्या दारावरून खाली जाऊ द्यावे. मग पलीकडच्या बाजूला जाऊन उरलेला अर्धा भाग तसाच करावा. पाण्याची एक कड पुढे पुढे सरकताना दिसली पाहिजे आणि ब्लोअरने त्या कडेचा पाठलाग केला पाहिजे. कड तुटून मागे थेंब राहत असतील तर हात फार वेगाने फिरतो आहे.

टपानंतर पुढची आणि मागची काच, मग बॉनेट काचेकडून पुढच्या जाळीकडे, मग डिकी, आणि सर्वांत शेवटी बाजू, वरून खाली. बॉनेटवर उलट दिशेने वारा मारल्यास पाणी वायपरखालच्या खोबणीत जाते. त्या खोबणीत गुलमोहोराची बारीक पाने आणि काड्या अडकलेल्या असतात. त्या आधी हाताने काढाव्यात, ब्लोअरने आत ढकलू नयेत, कारण गाडीच्या आत येणारी हवा तिथूनच घेतली जाते.

टप्पा ६ : फटी आणि खोबणी

खरे काम येथे आहे. ज्या जागी टॉवेल पोहोचत नाही तिथे पाणी दडून बसते आणि गाडी हलली की बाहेर येते. येथेही क्रम वरून खाली असाच ठेवावा : टपाच्या दोन्ही बाजूंच्या लांब खोबणी, रूफ रेल आणि अँटेनाचे बूड, मागच्या काचेवरचा ब्रेकलाइट, काचांभोवतीचे रबर, आरसे, दारांच्या काचांखालची रबरपट्टी, हँडल, पेट्रोलच्या टाकीचे झाकण, दिव्यांच्या कडा, पुढची जाळी व कंपनीचे चिन्ह, आणि अखेरीस नंबरप्लेट. लांब खोबणीत झोत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावा. मधूनच मारल्यास पाणी दोन्हीकडे पळते आणि झोत गेला की परत येते.

आरशांवर थोडा अधिक वेळ द्यावा, कारण पुष्कळशा तक्रारी त्यांच्याच असतात. आरशाची काच आणि तिच्याभोवतीचे आवरण यांत फट असते आणि तिच्यामागे चमचाभर तरी पाणी साचते. तोटी वरच्या फटीवर तिरकी धरून छोटे छोटे झोत मारावेत. पाणी आवरणाच्या तळाच्या छिद्रातून किंवा खालच्या फटीतून बाहेर पडते. एका हाताने खाली टॉवेल धरला तर ते दारावर ओघळत नाही. नंतर आरसा आत दुमडावा, बिजागरीच्या जागी पुन्हा झोत मारावा आणि आरसा उघडून एकदा पाहावे. काचेवर अगदी जवळून पूर्ण वेगाने वारा मारू नये. जुन्या गाडीत तिची पकड सैल झालेली असू शकते.

हँडलच्या मागे हात घालण्याच्या खळग्यात झोत वरून खाली जाऊ द्यावा. नंबरप्लेटच्या वरच्या कडेवर वारा मारला की खालच्या दोन कोपऱ्यांतून बहुधा मातकट पाणी येते; ते बंपरवर वाळण्याआधी टिपावे. पेट्रोलचे झाकण उघडताना आतले फिरकीचे झाकण घट्ट असल्याचे आधी पाहावे.

सावधान : सनरूफच्या कोपऱ्यांतील पाणी वाहून जाण्याच्या छिद्रांत झोत मारू नये, आतली नळी जोडापासून सुटल्यास पुढच्या पावसात पाणी छताच्या अस्तरात उतरते. रंगाचा पोपडा सुटलेला असेल, स्टिकर किंवा पीपीएफची (रंगावर चिकटवलेल्या पारदर्शक संरक्षक फिल्मची) कड उचललेली असेल तर तिथे वेग कमी करून झोत कडेच्या वरून सरकवावा, कडेखाली शिरू देऊ नये. इंजिनाच्या भागात ब्लोअर न्यायचाच असल्यास इंजिन बंद आणि थंड असावे व विजेच्या जोडण्यांवर थेट वारा मारू नये.

टप्पा ७ : चाके

चाके आधी वाळवावीत असे मानणारेही आहेत, पण अंगावरचे पाणी चाकांवरच उतरत असल्याने ते काम दोनदा करावे लागते. शेवटी केल्यास मात्र ब्रेकच्या काळ्या भुकटीचे पाणी खालच्या दारांवर उडते. यावर तोडगा म्हणजे चाके फटींनंतर, परंतु टॉवेलच्या शेवटच्या हाताआधी घ्यावीत. आऱ्यांच्या मागची बाजू, नटांचे खळगे आणि ब्रेक डिस्क या तीन जागा पुरेशा आहेत. व्हीलकॅप असल्यास तिच्या जाळीतून दोन-तीन झोत मारून पुढे जावे.

टप्पा ८ : दारे, डिकी आणि टॉवेल

दारे आतापर्यंत बंदच असावीत. आधी उघडली तर टपावरचे पाणी सीटवर येते. आता एकेक दार अर्धे उघडून उंबरा, बिजागऱ्या आणि दाराची खालची कड यांवर आतून बाहेर वारा मारावा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे असतात. ती चिखलाने बुजलेली असतील तर काडीने मोकळी करावीत, कारण दाराचा पत्रा गंजायला तिथूनच सुरुवात होते. काचेच्या बटनांवर आणि स्पीकरच्या जाळीवर वारा मारू नये. डिकी उघडण्यापूर्वी तिच्या वरच्या फटीतले पाणी बाहेर काढावे आणि ती सावकाश उचलावी.

यानंतर स्वच्छ मायक्रोफायबर टॉवेलने उरलेले थेंब टिपावेत. टॉवेल पसरून ठेवावा, हलका दाबावा, उचलावा. गोल गोल घासू नये. अंगासाठी एक, उंबऱ्यांसाठी दुसरा आणि चाकांसाठी तिसरा टॉवेल ठेवावा व तो गल्लत न होता वेगळा ओळखता यावा म्हणून रंगही वेगळा असावा. जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवसापुरता बाद समजावा. सकाळी गाड्या पुसायला येणारा मुलगा एकाच बादलीत तेच फडके बुडवून दहा गाड्या पुसतो; आपण तासभर खपून वाळवलेली गाडी दुसऱ्या दिवशी त्या फडक्याखाली जाणार असेल तर त्याला स्वतःचा टॉवेल देऊन ठेवणे बरे. हे टॉवेल धुताना कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, कारण त्याचा थर बसला की टॉवेल पाणी शोषेनासा होतो.

टप्पा ९ : थोडे चालवून पुन्हा पाहणी

गाडी लगेच लावून टाकू नये. ओल्या डिस्कवर काही तासांतच तांबूस गंज धरतो. तो वरवरचा असतो आणि ब्रेक लावताच निघतो, परंतु ओले ब्रेक आवळून गाडी रात्रभर उभी ठेवल्यास पॅड किंवा लायनर चिकटण्याची शक्यता असते. किलोमीटर-दीड किलोमीटर सावकाश चालवून, मागे-पुढे पाहून, काही वेळा हलका ब्रेक लावावा. त्या हलण्याने आरसे, दिवे आणि नंबरप्लेट यांतले उरलेसुरले पाणीही खाली येते.

तपासणी : परत आल्यावर आरशांखाली, हँडलखाली, टेललाइटच्या खालच्या कोपऱ्यांत आणि मागच्या ब्रेकलाइटखाली नजर टाकावी. ओघळ दिसल्यास ओलसर टॉवेलने टिपावा. कव्हर घालायचे असेल तर याच्या नंतर, आणि खोबणी खरोखर कोरड्या असतील तरच; ओल्या गाडीवर घातलेले कव्हर ओलावा आत कोंडते. जून ते सप्टेंबर हवा दमट असल्यामुळे फटी आपोआप सुकत नाहीत, तेव्हा टप्पा ६ आणि ८ यांना दुप्पट वेळ द्यावा व कव्हर शक्यतो टाळावे.

इतके करूनही डाग राहिले तर

ताजा डाग साध्या ओल्या टॉवेलने जात नसल्यास पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच स्वच्छ पाणी एकत्र करून त्यात टॉवेल भिजवावा, तो सावलीत थंड पत्र्यावर डागावर मिनिटभर ठेवावा आणि लगेच भरपूर पाण्याने ती जागा धुऊन वाळवावी. सिरॅमिक कोटिंग असल्यास ज्याने ते केले त्याला आधी विचारावे. काचेवरही हीच रीत चालते. भांड्यांची घासणी, राख किंवा टूथपेस्ट यांनी डाग घासू नये. व्हिनेगरनंतरही वर्तुळ दिसत असेल आणि त्यावरून नख फिरवल्यावर कड जाणवत असेल, तर क्षारांनी वरच्या लॅकरमध्ये खड्डा केला आहे. तो धुण्याने जाणार नाही, त्याला पॉलिशच करावे लागेल.